ग्राउंड हँडलिंगवर देखरेख : जबाबदारी नक्की कोणाची, आणि ॲप्रनवर (विमानं उभी करतात त्या जागी) उभं राहून काय बघायचं?

बे_क्रमांक_४ :

लहान स्टेशनसाठी ग्राउंड हँडलिंगची (विमान जमिनीवर असताना लागणाऱ्या कामांची) अंतर्गत सेफ्टी तपासणी नव्याने बसवायची आहे. दिवसाला आठ-नऊ उड्डाणं, बहुतेक ए३२० आणि थोडी एटीआर ७२. हँडलिंग एका एजन्सीकडे आहे, पण सामान चढवणारे लोडर आणि टग (ओढणारी गाडी) चालवणारे तिने पुढे एका ठेकेदाराकडून घेतलेत. सध्याची चेकलिस्ट ६० प्रश्नांची आहे आणि त्यातले निम्मे प्रश्न कागदांचे : प्रशिक्षणाची नोंद आहे का, मॅन्युअलची ताजी प्रत आहे का, परमिटची मुदत संपली का. सगळीकडे 'हो' येतं. तरी बेल्ट लोडरच्या (सामान वर नेणाऱ्या पट्ट्याच्या गाडीच्या) बंपरवर दर आठवड्याला नवे ओरखडे दिसतात, आणि नोंदवहीत एकही घटना नसते.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, डीजीसीए (विमान वाहतुकीचा नियामक), विमानतळ, विमान कंपनी आणि एजन्सी या चौघांत देखरेखीची रेघ कुठे पडते? दोन, प्रत्यक्ष टर्नअराउंड (विमान आल्यापासून पुन्हा निघेपर्यंतची कामं) बघताना नजर कशावर ठेवावी? तीन, किरकोळ धक्के लोक सांगतच नाहीत, त्यावर काय करता येतं?

सह्याद्री_एअरसाइड :

आधी एक शब्दाचा घोळ मोकळा करतो, कारण मीटिंगमध्ये अर्धा वेळ त्यातच जातो. सेफ्टीलाही आपण सुरक्षा म्हणतो आणि सिक्युरिटीलाही. बीकॅसची (नागरी विमान सुरक्षा ब्युरोची) क्लिअरन्स ही सिक्युरिटीची असते : माणूस कोण, कंपनी कोणाची, पास कुणाला द्यायचा. मे २०२५ मध्ये एका मोठ्या हँडलिंग कंपनीची क्लिअरन्स रद्द झाली ती राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन. त्या कंपनीचे लोक चॉक (चाकाला लावायचे अडथळे) नीट लावत होते की नाही, याचा तिथे संबंध नव्हता. तेव्हा 'आमच्याकडे बीकॅसची क्लिअरन्स आहे' हे सेफ्टीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून कुणी पुढे केलं तर तिथेच थांबवा. खाली मी सेफ्टीला सुरक्षितता म्हणतो.

आता रेघ. सुरक्षिततेच्या बाजूने डीजीसीएची पकड मुख्यतः दोन दोऱ्यांनी बसते. विमान कंपनीला ऑपरेटर म्हणून प्रमाणपत्र मिळतं, त्यामुळे तिच्या विमानाला हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या कामाला ती उत्तरदायी असते, काम बाहेर दिलं तरीही. विमानतळाला एरोड्रोम लायसन्स मिळतं, म्हणून ॲप्रनवरची वाहनं, वाहन परमिट, चालकांचं एडीपी (विमानतळाच्या आत गाडी चालवायचा परवाना), खुणा, कचरा, वेगमर्यादा हे त्याच्याकडे. हँडलिंग एजन्सी या दोघांच्या मधे उभी असते. व्यवहारात होतं असं की कंपनीला वाटतं एजन्सीला विमानतळाने आत घेतलंय म्हणजे तपासलं असेल, आणि विमानतळाला वाटतं करार कंपनीचा आहे, ती बघत असेल. तुमच्याकडे ठेकेदार हा आणखी एक मजला चढलाय.

हे मधलं अंतर किती महाग पडतं, याचं उदाहरण बग्रामचं. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातून उडालेलं ७४७-४०० मालवाहू विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. आत लष्करी चिलखती वाहनं होती. त्यातलं मागचं वाहन बांधणीतून सुटून मागे सरकलं आणि विमानाची नियंत्रण यंत्रणा तुटली. सात जण गेले. अमेरिकेच्या तपास मंडळाने कंपनीच्या बांधणी-पद्धतीवर बोट ठेवलं, आणि सोबत नियामकाची अशा मालावरची देखरेख अपुरी होती हेही कारणांत नोंदवलं. माल बांधणाऱ्या लोडमास्टरला वैमानिकासारखं नियामकाचं प्रमाणपत्र लागत नव्हतं.

युरोपने हा मधला गाळा भरायला थेट नियम केलेत : २०२५/२० आणि २०२५/२३. २७ मार्च २०२८ पासून ते लागू होतील. तिथे हँडलिंग संस्थेला स्वतः नियामकाकडे घोषणापत्र द्यावं लागेल, सेफ्टी मॅनेजमेंट आणि प्रशिक्षणाची व्यवस्था दाखवावी लागेल, आणि नियामक तिच्यावर थेट देखरेख ठेवेल. आयकाओचं (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं) ग्राउंड हँडलिंग मॅन्युअल, डॉक १०१२१, २०१९ मध्ये आलं. ते मार्गदर्शन आहे, बंधन नाही, पण तुमची चेकलिस्ट पुन्हा लिहिताना चांगला सांगाडा देतं. आयाटाचं (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं) आयसागो हे हँडलिंगचं सुरक्षितता ऑडिट २००८ पासून आहे, नोंदणी दोन वर्षं चालते. एजन्सीकडे आयसागो असेल तर आनंद आहे, पण ते दोन वर्षांतून एकदा काढलेलं छायाचित्र आहे. आजच्या पहाटेच्या पाळीत टग कोण चालवतोय ते त्यात दिसणार नाही.

पुणे आणि दाबोळीसारख्या ठिकाणी आणखी एक पदर आहे. धावपट्टी आणि हवाई नियंत्रण हवाई दलाकडे किंवा नौदलाकडे, ॲप्रन आणि टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाकडे. अशा ठिकाणी पुशबॅक (ट्रॅक्टरने विमान मागे ढकलणं) कुठे संपतो आणि तिथून पुढे बोलायचं कोणाशी, हे नकाशावर रेघ मारून ठरवा. तोंडी समजुतीवर ठेवू नका.

तुम्ही एक तक्ता करा. डावीकडे कामं : चॉक, पायऱ्या, बेल्ट लोडर, इंधन, पाणी-शौचालय, केटरिंग, पुशबॅक. प्रत्येकापुढे तीन रकाने : काम कोण करतो, त्याला प्रशिक्षण देऊन पात्र कोणी ठरवलं, त्याला प्रत्यक्ष काम करताना शेवटचं कोणी आणि कधी पाहिलं. तिसरा रकाना रिकामा राहील. तपासणीची सुरुवात तिथून करा.

चॉक_आधी :

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. विमान येण्याच्या दहा मिनिटं आधी बेवर (विमान उभं राहतं त्या जागी) जा आणि पुशबॅक होईपर्यंत हलू नका. मधेच जाऊन मधेच परतणाऱ्याला फक्त नीट ओळीत उभी सामग्री दिसते.

विमान यायच्या आधी. बे रिकामा आहे का, सगळी सामग्री लाल रेघेच्या मागे आहे का, कचरा उचललाय का. बॅगेचं चाक, कुलपाचा तुकडा, प्लास्टिकची पट्टी, या तीन गोष्टी सर्वांत जास्त सापडतात. सापडल्या तर फेकायच्या आधी नोंद करा. कुठल्या बेवर काय सापडतं ते महिनाभर लिहिलंत की कुठली ट्रॉली तुटतेय ते कळतं.

विमान थांबल्यावर. इथे सगळ्यात जास्त घाई होते. लाल बीकन (इंजिन चालू असताना लुकलुकणारा दिवा) विझेपर्यंत आणि इंजिनाचा पंखा मंदावेपर्यंत चॉक लावणाऱ्याखेरीज कुणी पुढे यायचं नाही, आणि तोही इंजिनाच्या बाजूने नाही. ३१ डिसेंबर २०२२ ला अलाबामातल्या मॉन्टगोमेरीला एम्ब्राएर १७५ च्या इंजिनात रॅम्पवरची (म्हणजे ॲप्रनवरची) एक कर्मचारी ओढली गेली. त्या विमानाचं एपीयू (जमिनीवर असताना वीज देणारं छोटं इंजिन) बंद होतं, म्हणून जमिनीवरची वीज जोडेपर्यंत इंजिन चालू राहणार होतं. हे विमान येण्याआधी रॅम्पवरच्या लोकांना दोनदा सांगितलं होतं. बीकन चालू होता. तिथल्या मॅन्युअलमध्ये इंजिनासमोर १५ फुटांच्या आत जायचं नाही असं लिहिलेलं होतं. सूचना दिली होती, खूण दिसत होती, नियम छापलेला होता, तरी माणूस गेलं. म्हणून एपीयू बंद असलेलं विमान येणार असेल तेव्हा नुसतं सांगून भागवू नका. एका माणसाला बाकीच्यांना रोखून धरण्याचंच काम द्या, त्याच्या हातात दुसरं काही देऊ नका.

बेल्ट लोडर. विमानापासून पाच मीटर अलीकडे पूर्ण थांबून ब्रेक तपासायचा, मग चालण्याच्या वेगाने, सरळ रेषेत, इशारा देणाऱ्याकडे बघत यायचं. इशारा देणारा दिसेनासा झाला की थांबायचं. रबरी बंपर विमानाला टेकता कामा नये. तुमच्याकडच्या ओरखड्यांचं मूळ बहुधा इथेच आहे. पुष्कळ चालक बंपर टेकला की 'लागलं', म्हणजे लोडर जागेवर आला, असं समजतात, कारण शिकवणाऱ्यानेच त्यांना तसं शिकवलेलं असतं. बंपर चालकाची चूक सौम्य करण्यासाठी आहे, अंतर मोजण्यासाठी नाही. उभं केल्यावर हँडब्रेक, चाकाला चॉक, कठडे वर.

आणि विमान स्थिर नसतं, हे डोक्यात ठेवा. बॅगा आणि इंधन चढलं की ते खाली बसतं, उतरलं की वर येतं. होल्डच्या (विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्याच्या) उंबऱ्याला घासून लावलेला बेल्ट वीस मिनिटांनी उंबऱ्याखाली दबलेला असतो. पायऱ्यांचंही तसंच. दाराची खालची कड आणि पायऱ्यांचा मजला यांत फट ठेवली नाही तर विमान बसताना दार मजल्यावर टेकतं आणि बिजागर वाकतं. धक्का कुणी मारलेला नसतो, म्हणून कुणाला काही घडल्यासारखंही वाटत नाही. चढाईच्या मध्यावर एकदा या दोन फटी वाकून बघा.

होल्डच्या आत. कुठल्या कप्प्यात किती नग, हे लोडिंग सूचनेप्रमाणे आहे का ते स्वतः मोजा. पुढच्याऐवजी मागच्या होल्डमध्ये गेलेल्या बॅगा म्हणजे वैमानिकाच्या हातातला ट्रिमचा (विमानाचा तोल साधण्याचा) आकडा चुकीचा. दाराजवळची जाळी सगळ्या हुकांत अडकली आहे का? घाईत खालचे हुक सुटतात, आणि बॅगा घसरून दारावर येतात.

एटीआर ७२ साठी वेगळी नजर लागते. प्रवासी मागच्या दाराने चढतात-उतरतात, मुख्य सामान पुढे असतं. पुढचं सामान आधी काढलं आणि प्रवासी मागे गर्दी करून उभे असले की वजन मागे जातं आणि शेपूट जमिनीवर टेकू शकते. म्हणून शेपटीखाली टेकू लावायचा. तो लागला का हे बघाच, पण निघताना तो निघाला का, हे त्याहून बारकाईने बघा. दुसरं, एटीआरला एपीयू नसतं. प्रोपेलरला ब्रेक लावून उजवं इंजिन चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. पंखा स्थिर दिसतो, पण इंजिन चालू असतं आणि मागून गरम झोत येत असतो. नवीन लोडरला हे पंख्याकडे बोट दाखवून समजावा, फोटोवरून नाही.

पावसाळ्याचं एकच सांगतो. आपल्याकडे सर येण्याआधीचा वारा सरीपेक्षा वाईट. रिकामी ट्रॉली ब्रेकशिवाय असली तर ती स्वतःहून चालत विमानाला जाऊन लागते. मे संपायच्या आत प्रत्येक ट्रॉलीचा ब्रेक हाताने ढकलून तपासा.

टोबार_पिन :

वरच्या प्रतिसादात पुशबॅक राहिलाय, आणि माणूस मरण्याचा धोका तिथे फार मोठा आहे.

टो-बार (ट्रॅक्टर आणि विमान जोडणारा दांडा) विमानाच्या प्रकाराचाच हवा. त्याच्या डोक्यात शिअर पिना असतात. ताण किंवा वळण मर्यादेबाहेर गेलं की नोज गिअरऐवजी (विमानाच्या पुढच्या चाकाच्या सांगाड्याऐवजी) पिन तुटावी म्हणून त्या मुद्दाम कमजोर केलेल्या असतात. जिथे सुट्या पिना संपतात तिथे कुणीतरी कारखान्यातला साधा बोल्ट बसवतो. तो तुटत नाही, सगळ्यांना बरं वाटतं, आणि पुढच्या वेळी तोच ताण नोज गिअरवर जातो. तपासणीत पिन बाहेर काढून बघा : उत्पादकाचा भाग क्रमांक जुळतो का, आणि राखीव पिना स्टोअरमध्ये आहेत का. पिन तुटली तर नवी घालून पुढे जायचं नाही. इंजिनिअरने नोज गिअर बघितल्याशिवाय विमान हलायचं नाही. वळताना गिअरच्या दारावरच्या लाल खुणेकडे एका माणसाची नजर हवी.

बायपास पिन (पुढचं चाक वळवणारी यंत्रणा तात्पुरती तोडणारी) : ए३२० ला ती टो-बार जोडण्याच्या आधी बसवायची. ती नसेल तर हायड्रॉलिक दाब आल्यावर नोज व्हील आपोआप वळू शकतं, आणि टो-बार बाजूच्या माणसाच्या पायांवर झाडूसारखा फिरतो. पिन बसली की कॉकपिटमध्ये 'एनडब्ल्यू स्टिअरिंग डिस्क' हा संदेश दिसतो. हेडसेटवाल्याने (खालून वैमानिकाशी बोलणाऱ्याने) तो आहे ना, हे वैमानिकाला विचारून घ्यायची सवय लावा.

शेवटचा क्रम पाठ असायला हवा : पार्किंग ब्रेक लावल्याचं वैमानिकाकडून ऐकायचं, नोज व्हीलला चॉक, टो-बार सोडायचा, ट्रॅक्टर बाहेर, बायपास पिन काढायची, चॉक काढायचा, हेडसेट काढून झाकण बंद, मग बाजूला जाऊन लाल फीत लावलेली पिन वैमानिकाला दिसेल अशी धरायची. वैमानिकाने हात केल्याशिवाय काम संपलं असं धरायचं नाही, आणि वैमानिकाने पिन पाहिल्याशिवाय विमान हलवायचं नाही. १६ डिसेंबर २०१५ ला मुंबईत ए३१९ च्या पुशबॅकनंतर हा शेवटचा दुवा तुटला. नोज व्हीलजवळचा तंत्रज्ञ तिथेच असताना विमान स्वतःच्या ताकदीवर हललं आणि तो इंजिनात ओढला गेला. पुशबॅक बघताना हे शेवटचं मिनिट स्टॉपवॉचवर घ्या. उशिराच्या उड्डाणाला ते मिनिट आकसलेलं सापडलं, तर ती नोंद उरलेल्या ५९ प्रश्नांपेक्षा मोलाची आहे.

बे_क्रमांक_४ :

खूप आभार. शिअर पिनचा स्टॉक यादीत नव्हता, घेतला. तिसऱ्या प्रश्नावर कुणी लिहील का? सध्या करारात धक्क्याला थेट दंड आहे. वरून सूचना अशी की दंड वाढवा म्हणजे लोक जपून काम करतील.

रिव्हेट_ते_रिपोर्ट :

दंड वाढवलात तर नोंदवही आणखी कोरी होईल. ठेकेदाराच्या लोडरच्या पगारातून तो दंड कापला जातो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

न सांगितलेल्या धक्क्याचं काय होतं ते २६ डिसेंबर २००५ ला सिअ‍ॅटलला दिसलं. सामानाच्या गाडीने एमडी-८३ च्या अंगाला धक्का दिला, कुणी सांगितलं नाही, विमान उडालं. सुमारे २६,००० फुटांवर केबिनचा दाब सुटला. उतरल्यावर उजव्या बाजूला सुमारे १२ इंच बाय ६ इंचांचं भोक सापडलं. धातूचं अंग होतं, तरी खालून कुणाला दिसलं नव्हतं. ७८७ सारख्या कंपोझिट (तंतूंच्या थरांच्या) अंगाच्या विमानात तर बाहेरून रंगाला ओरखडाही नसेल आणि आतले थर सुटलेले असतील. म्हणून 'डेंट दिसत नाही' हे वाक्य लोडरने, सुपरवायझरने किंवा स्टेशन मॅनेजरने बोलायचंच नाही. तो निर्णय इंजिनिअरचा, आणि कंपोझिटसाठी त्यालाही उपकरण लागतं.

व्यवहारात काय करावं ते सांगतो. एक, 'टेकलं तर सांगा' असं लिहा, 'नुकसान झालं तर सांगा' असं लिहू नका. नुकसान ठरवायची जबाबदारी लोडरवर टाकलीत की तो 'नाही झालं' असंच ठरवणार. दोन, एकच फोन नंबर, तो हेडसेटवाल्याकडे असलेला आणि टगच्या डॅशबोर्डवर चिकटवलेला, मराठीत आणि हिंदीत. तीन, सांगितल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय होतं ते ठरलेलं हवं : सामग्री जिथे आहे तिथेच ठेवायची, मागे घ्यायची नाही. बेल्ट लोडर मागे घेताना फाटलेला पत्रा आणखी फाटतो, आणि कुठे लागलं तेही कळेनासं होतं. वैमानिकाला आणि इंजिनिअरला बोलवायचं, फोटो घ्यायचा, मग हलवायचं. चार, स्वतःहून सांगणाऱ्यावर कारवाई नाही, लपवणाऱ्यावर आहे, हे ठेकेदाराच्या करारात त्याच शब्दांत घाला. नशा किंवा जाणूनबुजून केलेला उपद्रव याला अर्थातच ही सवलत नाही. श्वासाची चाचणी २०१९ पासून ग्राउंड हँडलिंगच्या लोकांनाही लागू आहे.

वरच्यांना पैशाची भाषा लागत असेल तर करारच उघडून दाखवा. आयाटाच्या प्रमाणित हँडलिंग करारात कलम ८ प्रमाणे विमानाच्या नुकसानीची एजन्सीवरची भरपाई विमान कंपनीच्या विम्याच्या डिडक्टिबलइतकीच (विमा जी पहिली रक्कम देत नाही तितकीच), आणि कमाल १५ लाख डॉलर असते. ३,००० डॉलरच्या आतलं नुकसान भरून मिळतच नाही. म्हणजे मोठ्या अपघाताचा बराच भार कंपनीवरच येतो, आणि लहान धक्के कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. त्यात तिसरं कलमही वाचा : काम पुढे सोपवायला विमान कंपनीची संमती लागते. तुमच्याकडच्या ठेकेदाराला ती लेखी संमती आहे का, हा पहिल्या मीटिंगचा पहिला प्रश्न.

सह्याद्री_एअरसाइड :

वरच्याला पूर्ण सहमत. तपासणी कधी करायची, त्याबद्दल थोडं राहिलं होतं. जून २०२५ मध्ये डीजीसीएच्या पथकांनी दिल्ली-मुंबईसह मोठ्या विमानतळांवर रात्री आणि पहाटे पाहणी केली. २४ जूनला जाहीर केलेल्या निष्कर्षांत बॅगेज ट्रॉलीसारखी सामग्री नादुरुस्त सापडल्याचं होतं, आणि रॅम्पवर स्पीड गव्हर्नर (वेग मर्यादेत ठेवणारं यंत्र) नसलेली वाहनं सापडल्याचंही. त्या वाहनांची परमिटं काढून घेतली, चालकांची एडीपी निलंबित केली, आणि दुरुस्तीला सात दिवस दिले. ही सामग्री दुपारच्या ऑडिटला बहुधा मागच्या शेडमध्ये असते आणि गर्दीच्या वेळी बाहेर निघते.

आठ-नऊ उड्डाणांच्या स्टेशनला आठवड्याला तीन पूर्ण टर्नअराउंड पुरेत. त्यातलं एक पहाटेचं, एक उशिरा आलेल्या विमानाचं ठेवा, कारण ३० मिनिटांचं काम २० मिनिटांत उरकताना जे गाळलं जातं तेच तुम्हाला शोधायचंय. पाहणाऱ्याने वही हातात धरून समोर उभं राहू नये आणि जीवाला धोका नसेल तर मधे बोलू नये. संपल्यावर मात्र त्याच पाळीच्या लोकांशी, तिथेच, पाच मिनिटं बोलायचं. अहवाल आठवड्याने ईमेलवर गेला तर लोडरपर्यंत पोचतच नाही.

बे_क्रमांक_४ :

पुढच्या सोमवारपासून पहाटेची पाळी धरतो. चेकलिस्ट ६० वरून १८ वर आणलीय आणि 'हो / नाही' च्या जागी 'काय पाहिलं' असा मोकळा रकाना ठेवलाय. ठेकेदाराच्या संमतीपत्राची प्रत मागितली आहे.

चॉक_आधी :

त्या १८ मध्ये टेकू निघाल्याचा प्रश्न वेगळा ठेवा, 'एटीआर प्रक्रिया ठीक' असा एकत्र करू नका. आणि बेल्ट लोडरच्या बंपरवर आजच पांढरा रंग मारून घ्या. नवा ओरखडा कुठल्या पाळीत आला ते दुसऱ्या दिवशीच दिसेल, आणि विमानाचा रंग त्यावर उतरलाय का तेही.